कंडक्टर मालकाचं नाव ओरडत नाही: पोस्टर, बोर्ड, पत्रिका बनवणाऱ्यांसाठी थोडं

म्हापशाच्या स्टँडवर पाच मिनिटं नुसतं उभं राहून ऐका. "पणजी पणजी पणजी पणजी." बस, एवढंच. कंडक्टर गाडीच्या मालकाचं नाव सांगत नाही, नवीन सीट बसवल्यात ते सांगत नाही, "आपले सहर्ष स्वागत" तर अजिबात म्हणत नाही. चढणाऱ्याला एकच गोष्ट पाहिजे असते, गाडी जाते कुठं. तेवढीच तो ओरडतो, चारदा ओरडतो, बाकी तिकीट, सुट्टे, मागं सरका वगैरे माणूस आत चढल्यावर. चांगलं डिझाइन म्हणजे काय असं मला कुणी विचारलं तर मी हाच कंडक्टर दाखवते. आणि वाईट डिझाइन म्हणजे तोच कंडक्टर जर आधी देवाचं नाव, मग मालकाचं, मग ड्रायव्हरचं, मग टायर कुणी दिले त्यांचं नाव घेऊन शेवटी हळूच "पणजी" म्हणाला असता तर, तोवर गाडी पर्वरीला पोचलेली असती.

मी फोंड्यात डीटीपीचं छोटं दुकान चालवते. लग्नाच्या पत्रिका, जत्रेचे बोर्ड, नाटकाची पोस्टरं, हॉटेलांची मेनू कार्डं, हल्ली होमस्टेवाल्यांचं पण बरंच येतं. पणजीत आल्तिनोच्या टेकडीवरच्या आर्ट कॉलेजात जायचं होतं ते राहूनच गेलं, त्यामुळे खाली जे आहे ते पुस्तकी कमी आणि शिव्या खाऊन शिकलेलं जास्त. उत्सव समितीनं, महिला मंडळानं, मुलाच्या क्लबनं "तुला मोबाइलवर येतं ना, तूच कर" म्हणून पोस्टर तुमच्या गळ्यात मारलं असेल आणि तुम्ही कॅन्व्हा उघडून बसला असाल तर वाचा.

एक आधीच सांगते, सुंदर आणि चांगलं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आणि "कमी मजकूर म्हणजे चांगलं डिझाइन" हे जे हल्ली सगळीकडे ऐकू येतं ते पण अर्धंच खरं. स्वयंपाकघरातलं कालनिर्णय बघा ना. एका पानावर तिथी, नक्षत्र, सण, सुट्ट्या, मागं भविष्य आणि लेख, कोंबून कोंबून भरलेलं असतं, आणि तरी भाकरी थापता थापता चार हातांवरून आजची तारीख दिसते आणि रविवार कुठला ते लाल रंगावरून कळतं. ज्याला एकादशी बघायची तो जवळ जातो. म्हणजे मजकूर भरपूर चालतो, फक्त कोण लांबून वाचणार आणि कोण जवळून, हे कुणीतरी आधी ठरवलेलं पाहिजे. वाईट डिझाइन निम्म्या वेळा याच एका कारणानं होतं, ते ठरवायची हिंमत कुणी केलेली नसते.

कॉम्प्युटर बंद ठेवा

उदाहरण म्हणून जत्रेतल्या नाटकाचा बोर्ड घेऊ, कारण गोव्यात मराठी डिझाइनचं सगळ्यात जास्त काम तेच असावं असा मला दाट संशय आहे. समितीकडून साधारण हे येतं, वहीच्या पानावर नाहीतर व्हॉट्सअॅपवर तीन तुकड्यांत: देवाचं नाव आणि प्रसन्न, उत्सवाचं नाव, कितवं वर्ष, नाटकाचं नाव, लेखक, दिग्दर्शक, ऑर्गन, तबला, बारा कलाकार, नेपथ्य, प्रकाशयोजना, रंगभूषा, यजमान, पुरस्कर्ते, तारीख, "रात्रौ ठीक ९.३० वाजता" (सुरू अकराला होतं, पण ठीक लिहायचंच), स्थळ, आधी पावणी (देवळातला लिलाव), दुपारी महाप्रसाद, समितीची नावं, तीन फोन नंबर, आणि "सर्वांनी बहुसंख्येने उपस्थित राहावे ही नम्र विनंती".

हे सगळं एका कागदावर एकाखाली एक लिहा. मग पेन्सिल घेऊन नंबर टाका, पण समितीच्या बाजूनं नाही, रस्त्यावरून जाणाऱ्याच्या बाजूनं. तो काय विचारणार? काय आहे, कधी आहे, कुठं आहे. नाटकाचं नाव एक नंबर. शनिवार आणि तारीख दोन. देवळाचं नाव आणि गाव तीन. इथं थांबा. बाकीचं सगळं चार नंबर. पाच, सहा, सात करत बसू नका, डोळ्याला एका वेळी तीन पायऱ्या कळतात, चौथी म्हणजे "जवळ गेल्यावर वाचू".

कधी कधी एक नंबर वेगळा असतो बरं का. नाटक दर वर्षी तेच असेल आणि यंदा भूमिका करायला कुणी नावाजलेला गायक नट येणार असेल, तर लोक त्याला बघायला येणार, मग त्याचंच नाव मोठं. हॉटेलच्या बोर्डावर "फिश थाळी" मोठं पाहिजे की हॉटेलचं नाव? हायवेवर असाल तर थाळी. गावात असाल आणि तीस वर्षं लोक तुमच्या आजीच्या नावानं हॉटेल ओळखत असतील तर नाव. याचं उत्तर सॉफ्टवेअरमध्ये नसतं म्हणून म्हणते कॉम्प्युटर बंद ठेवा.

वाचणारा किती लांब आणि किती घाईत

हे गणित मी खूप उशिरा शिकले. ठोकताळा असा की १ इंच उंचीचं अक्षर साधारण १० फुटांवरून आरामात वाचता येतं. आता स्कूटरवरचा माणूस ताशी ४० किलोमीटरनं येतोय असं धरा, म्हणजे सेकंदाला ११ मीटर. त्याला वाचायला तीन सेकंद तरी द्यायची तर बोर्ड ३३ मीटर, म्हणजे जवळजवळ ११० फुटांवरून वाचता आला पाहिजे. म्हणजे मुख्य अक्षरं ११ इंच. तुमचा बोर्ड १० बाय ६ फुटांचा आहे, उंची ७२ इंच. ११ इंचाच्या दोन ओळी, वर मात्रा खाली उकार धरून, आणि मधली मोकळीक, यातच ३६ इंच गेले. अर्धा बोर्ड संपला! उरलेल्या अर्ध्यात तारीख, देऊळ, आणि मग समितीतले सतरा जण. आकडे मांडून दाखवले की समितीवाले पण गप्प होतात, "मला वाटतं" म्हटलं की वाद घालतात, हा अनुभव आहे.

हातातल्या पत्रिकेचं गणित उलटं. ती माणूस दीड फुटावर धरून, चष्मा लावून, निवांत वाचतो, परत परत वाचतो, आपलं नाव आहे का बघतो. तिथं सगळी नावं पाहिजेत. फोनवरच्या पोस्टरचं तिसरं. ते आधी चॅटमध्ये लहान दिसतं, अंगठ्यानं वर सरकवत जाताना. त्यामुळे बोर्डाचंच डिझाइन छोटं करून व्हॉट्सअॅपवर टाकायचं आणि तेच पत्रिकेवर छापायचं, ही काटकसर करू नका. मजकूर तोच, नंबर तेच, पण मांडणी तीनदा करावी लागते.

आणि फरक करायचा तर दिसेल असा करा. शीर्षक ४० पॉइंट आणि तारीख ३६ पॉइंट याला मी भांडण म्हणते, दोघंही ओरडतायत आणि कुणाचंच ऐकू येत नाही. एकाच्या निम्मं दुसरं, त्याच्या निम्मं तिसरं, इतकं ठोक ठेवलं तरी चालतं.

मानाचा प्रश्न

आता खरं दुखणं. डिझाइन बिघडतं ते फॉन्टमुळे कमी आणि "माझा फोटो त्याच्यापेक्षा लहान का" यामुळे जास्त. एका उत्सवाचा बोर्ड मी केला होता, गावाचं नाव सांगत नाही, त्यात शेवटी एकोणीस फोटो आले. देवाचा फोटो पकडून वीस. नाटकाचं नाव कुठं गेलं तर उजवीकडे खाली, फोन नंबराच्या वर, पिवळ्या पट्टीत. बोर्ड लागला, सगळे खूश, ज्याचे त्याचे फोटो त्यानं स्टेटसला ठेवले. आणि नाटकाच्या रात्री शेजारच्या वाड्यावरच्या बायका दुसऱ्या दिवशी आहे समजून घरीच बसल्या. त्यातली एक माझी मावशी.

यावर मी जे करते ते सांगते, शंभर टक्के चालतं असं नाही पण पुष्कळदा चालतं. पहिलं, नावांना आणि फोटोंना त्यांची स्वतःची एक पट्टी द्यायची, खाली किंवा बाजूला, आणि त्या पट्टीत सगळे एकाच मापाचे, एकाच गोलात, चेहरा पण सारख्या उंचीचा कापलेला. कुणी मोठा नाही म्हटलं की कुणी लहान पण राहत नाही. दुसरं, क्रम वर्णानुक्रमे लावा आणि तसं बारीक अक्षरात लिहा पण. तिसरं आणि सगळ्यात उपयोगी, रस्त्याच्या बोर्डावर फक्त नाटक, वार, जागा ठेवायचं आणि सगळ्यांची नावं फोटोसकट देवळाच्या दारातल्या बोर्डावर टाकायची, जिथं लोक उभे राहून वाचतात. "भाऊ, रस्त्यावर तुमचं नाव कुणी वाचणार नाही, देवळात येणारा प्रत्येक जण वाचेल" हे वाक्य मी किती वेळा वापरलंय मोजदाद नाही. खरं पण आहे ते.

देवनागरी ही वेगळी वस्तू आहे

इथं जरा रेंगाळते कारण डिझाइनचे बहुतेक व्हिडिओ इंग्रजी अक्षरांसाठी असतात आणि लोक तेच नियम मराठीला लावतात, मग सगळं चुकतं.

इंग्रजीत अक्षरांमधलं अंतर वाढवलं की भारी दिसतं, महागड्या दुकानांच्या पाट्यांसारखं. मराठीत तसं केलं की शिरोरेषा तुटते आणि शब्दाचे तुकडे पडतात. नाटकाचं नाव दात पडल्यासारखं दिसतं. ते सेटिंग शून्यावर ठेवा आणि हात लावू नका. तसंच जागा भरायला अक्षर आडवं ताणू नका, ताणलं की उभे काने जाड होतात आणि शिरोरेषा आहे तेवढीच राहते, अक्षर फतकल मारून बसल्यासारखं दिसतं. जागा भरायची असेल तर रुंद किंवा ठळक वजनाचा फॉन्ट घ्या.

ओळींमधलं अंतर इंग्रजीपेक्षा जास्त लागतं, कारण वर वेलांट्या, मात्रा, रफार आणि खाली उकार, जोडाक्षरांचे पाय. अक्षराच्या मापाच्या दीडपट ओळ ठेवली की श्वास घेता येतो. ती कमी केली की वरच्या ओळीचा ऊकार खालच्या ओळीच्या मात्रेत घुसतो.

अक्षरांना जाड किनार द्यायची आणि मागं सावली टाकायची ही आपल्याकडची फार आवडती गोष्ट, पांढरं अक्षर, लाल किनार, त्याबाहेर परत पिवळी किनार, परत सावली. शीर्षकाला एकदा चालून जातं, जत्रेची एक मजा असते ती मला पण आवडते, खोटं कशाला बोलू. पण लहान अक्षरांना हे केलं की अक्षराच्या पोटातली पोकळी भरते, म आणि भ सारखे दिसायला लागतात, अनुस्वार बुजतो. आणि अनुस्वार गेला की आंबा महोत्सवाचा आबा महोत्सव होतो.

मग फॉन्ट. इंग्रजी फॉन्ट निवडून त्यात मराठी टाइप केलं तर कॉम्प्युटर गुपचूप कुठला तरी दुसराच फॉन्ट घालतो, बऱ्याचदा मंगल किंवा निर्मला. मंगल वाईट नाही, र. कृ. जोशींनी स्क्रीनवर वाचायला घडवलेला फॉन्ट आहे, पण पोस्टरवर तो सरकारी परिपत्रकासारखा दिसतो. फुकटात चांगलं हवं तर गुगल फॉन्ट्सवर मुक्ता आणि बलू आहेत, दोन्ही 'एक टाइप' नावाच्या मुंबईच्या फॉन्ट घडवणाऱ्या मंडळींचे. मुक्ता बारीक मजकुराला, बलू गोलगरगरीत आहे, मुलांच्या कार्यक्रमाला किंवा खाण्याच्या स्टॉलला मस्त, शोकसभेला नको. पत्रिकेसाठी तिरो देवनागरी मराठी बघा, त्यात अक्षरांना जुन्या छापील पुस्तकांचा थाट आहे. एका कामात दोन फॉन्ट पुरे.

त्या तिरोच्या नावात "मराठी" वेगळं का लिहिलंय? कारण आपला ल आणि श हिंदीतल्यापेक्षा वेगळा. पाकळीचा ल आणि देठाचा श, महाराष्ट्र सरकारनं २००९ साली वर्णमालेचा निर्णय काढला त्यात पण हेच दिलेत. पुष्कळ फॉन्ट आपणहून हिंदी वळण दाखवतात, सॉफ्टवेअरमध्ये मजकुराची भाषा मराठी निवडली तर काहींमध्ये आपलं वळण येतं. चूक म्हणता येणार नाही पण वयस्कर वाचकाला ते टोचतं, घरच्या आमटीत कुणीतरी हिंग जास्त घातल्यासारखं. त्याहून महत्त्वाचं ऱ्य. ते येत नसेल तर तो फॉन्ट मराठीला निरुपयोगी. महाप्रसादाच्या कार्यक्रमात "आचाऱ्यांचा सत्कार" असायला पाहिजे तिथं "आचार्यांचा सत्कार" छापलं गेलं तर स्वयंपाकी खूश होईल कदाचित, पण गावात हसं होतं.

आणि छापखान्यात गेल्यावर ऱ्हस्व वेलांटी उडी मारून पुढच्या अक्षरावर बसते, हे ज्यांच्या बाबतीत घडलंय त्यांना कळेल मी काय म्हणते. युनिकोड मजकूर जुन्या कोरलमध्ये उघडला, किंवा फोटोशॉपमध्ये दक्षिण आशियाई लिपीचं सेटिंग चालू नसलं, इनडिझाइनमध्ये वर्ल्ड-रेडी कंपोझर निवडला नसला की होतं हे. उपाय सोपा, छापायला देताना अक्षरांचे कर्व्ह करून (म्हणजे अक्षरं टाइप न राहता नुसते आकार होतात) पीडीएफ द्या, आणि स्वतःकडे कर्व्ह न केलेली मूळ फाइल ठेवा, कारण रात्री अकराला फोन येणारच की एक नाव राहिलं.

भारतात पहिला छापखाना गोव्यात आला, १५५६ साली, आणि तरी १६१६ मध्ये फादर स्टीफन्स या इंग्रज पाद्र्याचं मराठी ख्रिस्तपुराण इथं छापलं ते रोमन अक्षरांत, देवनागरीचे खिळे पाडणं तेव्हा जमलं नाही. तेव्हा वेलांटीनं छळलं तर मनाला लावून घेऊ नका, हा त्रास आपल्याकडे चारशे वर्षांचा आहे.

दोन लिप्या एका बोर्डावर

गोव्यात बोर्ड एका लिपीत क्वचितच भागतो, देवनागरीत मराठी किंवा कोंकणी आणि खाली रोमन. दोन्ही १०० पॉइंटवर ठेवले की सारखे दिसतील असं वाटतं, दिसत नाहीत. बऱ्याच फॉन्टमध्ये देवनागरी लहान वाटते कारण वरखाली मात्रांसाठी जागा राखलेली असते. तेव्हा आकडा बघू नका, डोळ्यानं जुळवा: रोमनच्या लहान अक्षराची उंची आणि देवनागरीच्या शिरोरेषेपासून पायापर्यंतची उंची यांचा मेळ बसवा, रोमन सगळं कॅपिटल असेल तर ते थोडं लहान करा. जाडी पण सारखी दिसली पाहिजे. नाहीतर एक भाषा मालकीण आणि दुसरी भाडेकरू वाटते, आणि गोव्यात भाषेवरून आधीच काय कमी वाद आहेत!

मुक्ता, पॉपिन्स यांच्यात दोन्ही लिप्या एकाच घरच्या आहेत, त्यामुळे निम्मं काम होऊन मिळतं. फोन नंबर मात्र मी नेहमी रोमन आकड्यांत टाकते, मराठी आकडे मला जास्त देखणे वाटतात तरी. लांबून १ आणि ९ मध्ये घोळ होतो आणि नवीन पोरं ५ आणि ६ ला अडखळतात.

रंग

आल्तिनोवरून खाली उतरून मळा, फोंतांइन्यास या पणजीतल्या जुन्या वाड्यांत चक्कर मारा. घरांच्या आणि रस्त्यांच्या नावांच्या टाइल्स बघा, आझुलेजो म्हणतात त्या. पांढऱ्यावर गडद निळं अक्षर, भोवती एक किनार. संपलं. पाऊस, ऊन, शेवाळ, पर्यटकांचे फोटो सगळं सोसून वाचता येतात. गडदवर फिकं किंवा फिक्यावर गडद, याच्या पलीकडे रंगाचा फारसा नियम नाही. पांढऱ्यावर पिवळं दिसत नाही. लाल-हिरवं एकत्र आलं की डोळ्यापुढे नाचतं, कारण दोघांचा उजेड जवळजवळ सारखा असतो, आणि काही पुरुषांना तर ते दोन रंग वेगळे ओळखूच येत नाहीत. तपासायचं कसं तर डिझाइनचा फोटो काढून काळा-पांढरा करा. तरी शीर्षक सुटून दिसलं तर रंग बरोबर.

स्क्रीनवर झगमगणारा पोपटी छापून आल्यावर शेवाळी होतो, कारण स्क्रीन उजेडानं रंग दाखवते आणि छपाई शाईनं, त्यामुळे फाइल सुरुवातीपासूनच सीएमवायकेमध्ये, म्हणजे छपाईच्या चार शायांच्या हिशोबात करा. गडद निळ्यात मजेंटा (गुलाबी शाई) फार घातला तर जांभळा येतो, सायनपेक्षा (निळ्या शाईपेक्षा) तीसेक टक्के कमी ठेवा. बारीक अक्षर नुसत्या काळ्या शाईत, चार शाया मिसळून नाही, कागद एक केस सरकला तरी अक्षराला रंगीत भूत लागतं.

अजून एक, हे मला उन्हानं शिकवलं. रस्त्याकडेची जुनी पोस्टरं निळी पडलेली बघितलीत ना? लाल आणि पिवळी शाई उन्हात आधी उडते, निळी आणि काळी टिकते. महिनाभर बाहेर राहणारा बोर्ड असेल तर तारीख लाल रंगात लिहू नका. सगळे लिहितात. मी पण लिहायची.

फोटोचं थोडक्यात सांगते. १० बाय ६ फुटांचा फ्लेक्स ७२ डीपीआयला (इंचाला ७२ ठिपके) केला तर ८६४० बाय ५१८४ पिक्सेल होतात. व्हॉट्सअॅपवरून आलेला फोटो बऱ्याचदा १६०० पिक्सेलचा असतो, तो दहा फूट ताणला की इंचाला तेरा पिक्सेल उरतात, म्हणजे देवाचं नाक चौकोनी. तोच फोटो एक फुटाच्या गोलात घातला तर छान दिसतो. मोठा वापरायचा असेल तर डॉक्युमेंट म्हणून पाठवायला सांगा. क्यूआर कोडचं पण मापच आहे, दहा फुटांवरून स्कॅन व्हावा असं वाटत असेल तर एक फुटाचा पाहिजे, आणि त्याच्या भोवती पांढरी जागा सोडा, फुलांची वेल नको. एआयकडून चित्र करून घेतलं तर मागच्या पाट्या, कमानी झूम करून बघा, तिथं देवनागरीसारखं दिसणारं काहीतरी भयंकर लिहिलेलं असू शकतं.

मोकळी जागा

"बाय, हांगा जागो उरला मगो, कितें तरी घाल." म्हणजे इथं जागा उरलीय, काहीतरी घाल. हे दर आठवड्याला ऐकते. मी सांगते, काका, तुमच्या अंगणात तुळस आहे, भोवती मोकळं सारवलेलं आहे म्हणून ती तुळस दिसते, उद्या तिथं स्कूटर, ड्रम आणि लाकडं रचली तर तुळस तिथंच असेल पण पाहुण्याला दिसणार नाही. निम्मे ऐकतात. बाकीच्यांसाठी मी एक कोपऱ्यात छोटं कमळ टाकते, काय करणार, धंदा आहे.

कडेला पण जागा सोडा. फ्लेक्सला रिंगा मारतात, लाकडी चौकटीवर दुमडतात, कडेपासून तीन-चार इंचांत अक्षर असलं की ते चौकटीमागं जातं. कागदावर छापत असाल तर उलट, पार्श्वभूमीचा रंग ३ मिलिमीटर बाहेर काढा, नाहीतर कापल्यावर पांढरी रेघ राहते.

छापायच्या आधी

डोळे किलकिले करून बघा, सगळं धूसर झाल्यावर जे शिल्लक दिसतं तो तुमचा एक नंबर. कागदावरच्या एक नंबराशी जुळतो का? मग फोनवर अंगठ्याएवढं करून बघा. मग ज्याला कार्यक्रमाबद्दल काहीच माहीत नाही अशा माणसाला तीन सेकंद दाखवून फोन उलटा ठेवा आणि विचारा, काय आहे, कधी आहे. मी समोरच्या चहावाल्याला विचारते. तो "नाटक, शनिवार" म्हणाला की प्रिंटला पाठवते, "फुलं छान आहेत" म्हणाला की परत बसते.

स्पेलिंग स्वतः तपासू नका, स्वतः लिहिलेलं डोळ्याला बरोबरच दिसतं. दुसऱ्या कुणाला तरी मोठ्यानं वाचायला लावा, नावं तर उलट्या क्रमानं. तारीख आणि वार कॅलेंडरवर जुळवा. फोन नंबर बोर्डावरून बघून खरंच लावा, मनातला नाही. एकदा एका पत्रिकेत माझ्याकडून एक आकडा चुकला आणि डिचोलीच्या एका बिचाऱ्या माणसाला पंधरा दिवस लग्नाच्या हॉलबद्दल फोन येत होते. शेवटी त्यानंच पत्रिका मागवून घेऊन हॉलचा पत्ता पाठ केला आणि लोकांना सांगायला लागला.

बोर्ड लागल्यावर एकदा स्कूटरवरून त्याच्यासमोरून जा, दिवसा आणि रात्री पण. चकचकीत फ्लेक्सवर रात्री समोरचा हॅलोजन पडला की मधोमध पांढरा डाग होतो आणि नेमकी तारीख त्यात जाते. बोर्ड जरा पुढं झुकवून बांधला की जातो तो डाग.

मावशीच्या त्या प्रकारानंतर पुढच्या वर्षी त्याच समितीचा बोर्ड मी वरच्यासारखा केला, नाटकाचं नाव, काळ्या अक्षरांत शनिवार, देऊळ, बस. दोघं-तिघं रुसले. जत्रा झाल्यावर तो फ्लेक्स मावशीनंच मागून नेला, पावसाआधी लाकडांवर घालायला. परवा गेले तेव्हा बघितलं, परड्यात लाकडांवर आहे अजून, खालची लाल पट्टी आणि माझ्या दुकानाचं नाव पार फिकट पडलंय, आणि "शनिवार" मात्र रस्त्यावरून वाचता येतंय.